वळणावरचा गाळ

"मावशी, उठा तिथून. नाहीतर मातीसकट उचलून ट्रकमध्ये टाकीन," मुकादम काठावरून ओरडला.

"टाक की," मावशी म्हणाली. "पण आधी खाली उतर. वरून ओरडून माणूस उचलला जात नाही."

बघ्यांमध्ये खसखस पिकली. मुकादमानं खड्ड्यात डोकावून पाहिलं. खाली गुडघाभर काळाकुट्ट चिखल, त्याच्या मधोमध मांडीत लोखंडी घमेलं घेऊन बसलेली मावशी, आणि वास असा की नाकातले केस जळावेत. मुकादमाचे बूट नवे होते. तो दोन पावलं मागे सरकला आणि फोनवर कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत असल्याचं त्यानं सोंग घेतलं.

सोनारांच्या या गल्लीत गटारं बदलायचं काम चालू होतं. जुनं दगडी गटार उखडून त्याच्या जागी प्लॅस्टिकचे बंद पाइप टाकायचे होते. वरच्या टोकापासून खणत खणत माणसं आज सकाळी वळणावर आली. गल्लीतलं सगळ्यात मोठं दुकान नेमकं याच वळणावर आहे. इथल्या फरश्या कधीकाळी सिमेंटनं लिंपून टाकलेल्या होत्या; त्या फोडल्या, पहिली फरशी उचलली गेली, आणि पहिलं फावडं पडायच्या आत मावशी कपडे खोचून खाली उतरली ती बसलीच.

मावशी झारेकरीण. हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो ऐकून हसू येतं. सोनाराच्या दुकानात कानस चालते, पॉलिश होतं, तारा ओढल्या जातात. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण कारागिरांच्या कपड्यांना, चपलांना, हात धुतलेल्या पाण्याला चिकटून रस्त्यावर येतात. दुकानं उघडायच्या आधी झारेकऱ्यानं गल्ली झाडायची, गटाराची कड खरवडायची, ती धूळ घरी नेऊन धुवायची आणि तळाशी उरेल त्यावर पोट भरायचं. सोनारांना गल्ली फुकटात लख्ख मिळते, झारेकऱ्याला धूळ मिळते. यात लिहून ठेवलेलं काही नाही, पण एक नियम सगळ्यांना पाठ आहे. कण झाडणाऱ्याचा, अख्खा दागिना मालकाचा. मावशीनं आजवर झाडताना सापडलेल्या फिरक्या, कड्या, एकदा तर अख्खी अंगठी, ज्या दुकानासमोर सापडली त्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवली होती. त्याबद्दल कुणी तिला शाबासकी दिली नाही, आणि तिनंही ती मागितली नाही.

आता काठावर तीन माणसं उभी होती आणि तिघांचीही त्या चिखलावर मालकी होती.

"खणून निघालेला माल कंत्राटदाराचा," फोन खिशात घालून मुकादम म्हणाला. "करारात तसं आहे."

"करार तुमचा आणि नगरपालिकेचा. माझा अंगठा आहे का त्यावर?"

"अहो बाई," सराफ संघटनेचे चिटणीस नाकाला रुमाल लावून बोलले, त्यामुळे त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता, "आमच्याच दुकानांमधलं सोनं आहे ते. आमच्या बापजाद्यांपासून वाहत आलंय. ते आमचंच."

"तुमचं आहे ना? मग तो रुमाल काढा आणि उतरा. दोघं मिळून उपसू. अर्धं तुमचं, अर्धं माझं, आहे कबूल?"

लोक पुन्हा हसले. चिटणिसांनी रुमाल आणखी घट्ट धरला.

तिसरे नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब. माणूस तरुण, घामाघूम, सकाळपासून उपाशी. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मावशी, जमिनीखाली जे सापडतं ते सरकारजमा होतं. कायदा आहे तसा. तुमचं, माझं, कुणाचंच नाही."

"साहेब, तुम्ही चांगले आहात म्हणून विचारते. सरकारनं या गल्लीत आजवर झाडू मारायला कुणाला धाडलं?"

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं आभाळाकडे पाहिलं.

"नाही ना धाडलं? मी झाडते. माझ्या आधी माझी सासू झाडायची. वरच्या कोपऱ्यापासून या वळणापर्यंत आमचा पट्टा. आजवर या गाळावर कुणाचा जीव जडला नव्हता."

"पण सापडलं म्हणून ते तुमचं होत नाही!" चिटणीस कडाडले. "उद्या माझ्या घरात तुम्हाला काही सापडलं तर?"

"सापडलंय कुठं अजून? शोधायचंय. सापडणं फुकटात असतं, चिटणीससाहेब, शोधणं फुकटात नसतं. परवा मी तुमच्याकडं येऊन म्हटलं, वळणावर गाळ साचला असेल, तो मला उपसू द्या, तर तुम्ही काय म्हणालात? 'गटारात काय असणार, घाण!' मग आज त्या घाणीसाठी रुमाल लावून कशाला उभे आहात?"

काढलेलं सोनं सगळ्यांना दिसतं, ज्यातून काढायचं तो चिखल कुणाला दिसत नाही. मावशीचं उभं आयुष्य त्या चिखलात गेलं होतं आणि आज तो सोडून उठायची तिची अजिबात तयारी नव्हती.

मागे अडकलेल्या गाड्यांनी भोंग्यांचा एकच कल्ला केला. इंजिनियरसाहेबांनी कपाळ पुसलं.

"घेऊन जा बाई ती घाण. पण दुपारच्या आत वळण रिकामं झालं पाहिजे."

"साहेब, असं कसं! हा तत्त्वाचा प्रश्न आहे," चिटणीस म्हणाले.

"मग तत्त्व तुम्ही उपसा," साहेब म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

मावशीनं लेकीला हाक मारली. लेक कपड्यांच्या कारखान्यात काजबटणं करायची. आज खाडा करून ती गर्दीच्या मागे हातगाडी घेऊन उभी होती आणि लाजेनं अर्धी झाली होती. तरी ती पुढं आली. आईनं घमेली भरून वर द्यायची, लेकीनं ती डब्यांमध्ये ओतायची. हे चाललेलं असताना मावशीनं एकदाच मान वर करून वळणावरच्या त्या मोठ्या दुकानाकडं पाहिलं. काचेच्या दाराआड दुकानाचे मालक, धाकटे शेठ उभे होते. ज्यांच्या दारातला गाळ, त्यांनी खरं तर सगळ्यात मोठ्यानं ओरडायला हवं होतं. पण ते सकाळपासून चकार शब्द बोलले नव्हते.

मावशीला सोन्याची हाव नव्हती असं म्हणणं खोटं होईल. पोट कुणाला नसतं? पण त्या वळणावर ती बसली होती ती दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तिचा नवरा याच दुकानात पॉलिशवाला होता. हात इतका हलका की गल्लीतले बाकीचे सोनार आपला नाजूक माल त्याच्याकडं पाठवायचे. लेक पोटात असतानाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कर्णफुलांची जोडी पॉलिशला आली. एक फूल उजळून पुढं दुकानात गेलं आणि दुसरं नाहीसं झालं. पॉलिशवाल्याची झडती घेतली, घराची झडती घेतली, गरोदर बाईच्या ट्रंकेतले बाळासाठी शिवलेले कपडेसुद्धा झटकून पाहिले. फूल मिळालं नाही. पोलिसांत द्यायला पुरावा नव्हता. मग मोठ्या शेठनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, आपल्या मनानं शिक्षा ठोठावली. गिऱ्हाइकाला पैसे भरून दिले, उरलेलं एकटं फूल त्यांनी दर्शनी कपाटात मखमलीवर ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "याची जोडी आमच्या पॉलिशवाल्यानं पळवली. विकायला नाही हे. नोकरांना आठवण राहावी म्हणून ठेवलंय."

पॉलिशवाल्याला पुन्हा कुठल्याच दुकानात काम मिळालं नाही. त्यानं गोदामात पोती उचलली. सोन्यावर फुंकर घालणाऱ्या माणसाच्या बोटांना घट्टे पडले. शाळेत लेकीला पोरं 'चोराची' म्हणायची, आणि ती घरी येऊन सांगायची नाही, पण आईला कळायचं. पॉलिशवाला गेल्या वर्षी वारला. जाईपर्यंत त्याची एकच जबानी, एका शब्दाचाही फरक नाही: "फुलं तसराळ्यात साबणाच्या पाण्यात होती. एक काढून पुसून दिलं. मला माळ्यावरून कोळसे आणायला पाठवलं. खाली आलो तर तसराळं रिकामं. मी ते ओतलं नाही."

ज्याला धंदा माहीत आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. पॉलिशचं पाणी कधी नुसतं ओतत नाहीत. ते फडक्यातून गाळायचं, फडकं झटकून पाहायचं, मग मोरीत सोडायचं. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ते पाणी कुणीतरी तसंच मोरीत उलटं केलं होतं. कुणी, ते त्यानं पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही ते त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. मावशीला त्याचा हा प्रामाणिकपणा पुष्कळदा असह्य व्हायचा. "अहो, डोक्यानं विचार करा ना, कुणी ओतलं असेल!" ती म्हणायची. तो म्हणायचा, "विचार करून कुणाला चोर ठरवायचं नसतं. माझ्या बाबतीत तेच झालंय."

तो त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायला गेला नाही. मावशी रोज गेली. त्या कपाटासमोरची पायरी रोज झाडली, मखमलीवरचं ते फूल जाळीच्या शटरमधून रोज पाहिलं आणि लोकांच्या नाकावर टिच्चून धूळ गोळा केली. त्या दुकानाची मोरी वळणावरच्या गटारात उतरते आणि जड वस्तू वळणावर बसते, एवढं तिला कळत होतं. पण वर सिमेंट होतं. ते फुटेल त्या दिवसाची ती वाट पाहत होती, आणि तो दिवस तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आला नाही याचा राग तिच्या मनात मावत नव्हता.

घराच्या मागच्या अंगणात नळाखाली दोघी मायलेकी धुवायला बसल्या. परातीत गाळ घ्यायचा, पाणी घालून गोल फिरवायचं, हलकं वर येईल ते कडेनं सोडून द्यायचं, पुन्हा पाणी. शेजारणीनं वास आला म्हणून खिडकी लावून घेतली आणि काय निघतंय ते पाहायला पुन्हा उघडली. परातीच्या तळाशी पिवळी रेघ उमटायला लागली. चांगली ठळक रेघ. लेकीचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"आई, हे बरंच आहे गं."

"धुवत राहा."

डबे संपत आले तेव्हा मावशीच्या हाताला दगडासारखी ढेप लागली. चुना, गंज, राख, सगळं एकमेकांत थिजून घट्ट झालेलं. फेकून द्यायला ती उचलणार तोच एका कडेला काहीतरी चमकलं. मावशीनं बोट ओलं करून तेवढीच जागा पुसली. आतून दोन पाकळ्या बाहेर आल्या. डावीकडं वळलेल्या. कपाटातल्या फुलाच्या पाकळ्या उजवीकडं वळतात. जोडी अशीच घडवतात, आरशातल्यासारखी. रोज सकाळी पाहिलेली वस्तू ओळखायला तिला भिंगाची गरज नव्हती.

ती ढेप मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिच्या डोळ्यांना जी धार लागली ती काही केल्या थांबेना.

लेकीनं पाहिलं, ओळखलं, आणि तीही रडली. पण तरुण होती, आधी सावरली.

"फोड ते आई. वितळवून टाकू."

"काय म्हणालीस?"

"इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलंच आहे, मग माल तरी घरात येऊ दे. तुझं हे अंगण, ही गळकी खोली, तुझे गुडघे. तुला सापडलं, तू काढलंस. सकाळी एवढं भांडलीस ना त्यांच्याशी, जो शोधेल त्याचं म्हणून?"

"कण माझा म्हणून भांडले. हे काय कण आहे?"

"नियम गेला चुलीत! त्यांनी पाळला का आपल्याशी कुठला नियम?"

"अगं, त्यांच्यासाठी नाही पाळत मी." मावशीचा आवाज चढला. "हे आपल्या घरात राहिलं, वितळलं, विकलं, की मग तुझा बाप खरंच चोर झाला. आज तो चोर नाही. आज ते खोटं बोलतायत. मी हे ठेवलं की ते खरं बोलले असं होईल. तुला कळतंय का?"

लेक हळूच म्हणाली, "पण तू नेऊन दिलंस तरी म्हणतील, इतकी वर्षं घरातच होतं, आता भीती वाटली म्हणून आणून दिलं."

मावशीचा चेहरा उतरला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. गाळ गल्लीतच, चारचौघांसमोर धुवायला हवा होता. भांडण जिंकल्याच्या भरात ती तो घरी घेऊन आली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग ढेपेकडं पाहिलं आणि लेकीच्या हातातलं पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

"पाणी लावू नकोस. एक थेंबसुद्धा नाही. आहे तशी नेऊ."

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडून गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा मावशी गल्लीत आली. कालचा दिवस सोडला तर या वेळी तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं. झारेकऱ्यानं उजाडताना यायचं आणि शटर वर जायच्या आत निघून जायचं असतं. आज मात्र ती धुतलेले कपडे घालून, घमेल्यात ढेप ठेवून, रस्त्याच्या मधून चालत आली. मागे लेक. वळणावरच्या दुकानाच्या पायरीवर तिनं घमेलं ठेवलं.

काचेचं दार उघडून धाकटे शेठ बाहेर आले. धाकटे म्हणायचं ते सवयीनं, केस पांढरे झाले होते. त्यांनी घमेल्यात पाहिलं आणि ते पाहतच राहिले.

"मावशी, आत या ना. मागच्या खोलीत बसू. चहा सांगतो."

"मी इथंच बरी आहे. पायरी माझ्या ओळखीची आहे."

शेठ खाली वाकले, आवाज अगदी बारीक केला. "ठेवून घ्या हे. तुम्हाला सापडलं, तुमचंच. काल तुम्ही म्हणालात ते मला पटलं. मी संघटनेत सांगतो, कुणी तुम्हाला त्रास देणार नाही. आणि मी कुणापाशी एक शब्द बोलणार नाही."

"तोच एक शब्द तर हवाय मला," मावशी म्हणाली, आणि तिनं आवाज मुळीच बारीक केला नाही. "काल सगळी गल्ली म्हणत होती, सापडलेलं तुझं नाही. आज तुम्ही म्हणता, तुझंच आहे. शेठ, सोनं तेच, मी तीच. रात्रीत असं काय बदललं?"

समोरच्या दुकानातले म्हातारे सोनार, चष्मेवाले काका, रस्ता ओलांडून आले. काल रुमाल लावलेले चिटणीसही आले. आज वास नसल्यामुळे त्यांचं नाक मोकळं होतं. बघता बघता पायरीभोवती माणसं जमली. मावशीनं ढेप उचलून चष्मेवाल्या काकांच्या हातात दिली.

"तुम्ही बघा आणि तुम्हीच फोडा. मी हात लावणार नाही."

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. ढेप फिरवून फिरवून पाहिली, नखानं खरवडली, तोंडाजवळ नेऊन वास घेतला.

"हा गाळ जुना आहे," ते म्हणाले. "चुना आणि गंज दगड होऊन बसलाय. हे कुणी हातानं थापलेलं नाही. इतकी वर्षं हे पाण्याखालीच होतं."



"आत चला," काका म्हणाले. "उजेडात फोडू."

मावशीनं त्या दुकानात आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता तिच्यासोबत अर्धी गल्ली आत शिरली. काचेच्या काउंटरवर काकांनी फडकं न पसरताच ढेप ठेवली, छोट्या हातोडीनं तिच्या कडेला हलकेच टोले दिले. ढेप तडकली, दुभंगली आणि काळ्या चुऱ्यात कर्णफूल पडलं. एक पाकळी जरा दबली होती, बाकी अख्खं.

"आता ते काढा," मावशी कपाटाकडं बोट करून म्हणाली.

शेठनी किल्ली लावली. मखमलीवरचं फूल काढून दुसऱ्याशेजारी ठेवलं. एक उजवीकडं वळलेलं, एक डावीकडं. लेकीनं आईचा दंड धरला. बापावरच्या आळाची ती वस्तू आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या जवळून बघत होती.

काउंटरपाशी एक वयस्कर बाई नातीसाठी कानातलं बघायला आल्या होत्या. ही एवढी गर्दी, काउंटरवरची माती, काहीच त्यांना कळेना. त्यांनी विचारलं, "काय झालं हो शेठ?"

"काही नाही ताई," शेठ हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "एक नग हरवला होता, तो सापडला."

"हरवला कसा, तेही सांगा," मावशी म्हणाली.

"मोरीतून गटारात गेला होता. चुकून."

"कुणाच्या चुकीनं?"

"आमच्याकडून झाली चूक."

"आमच्याकडून म्हणजे? दुकानात त्या दिवशी तीन माणसं होती. मोठे शेठ पुढं गिऱ्हाइकापाशी होते. आमचे हे माळ्यावर कोळसे भरत होते. तिसरं कोण होतं?"

धाकटे शेठ काउंटरवरच्या फुलांकडं बघत होते. ते खोटं बोलू शकले असते. ज्यांनी पाहिलं असतं ते दोघंही आता जगात नव्हते. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मी ओतलं तसराळं," ते म्हणाले. "घाईत होतो. न गाळता ओतलं. दुसरं फूल आत आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तेव्हा बाबांना सांगायची छाती झाली नाही. मग ते फूल कपाटात बसलं, आणि मग... मग काही बोलताच आलं नाही."

"आणि पॉलिशवाला?"

"त्यानं नेलं नव्हतं."

"त्यांनी," मावशी म्हणाली.

"त्यांनी नेलं नव्हतं," धाकटे शेठ म्हणाले. या वेळी ते मावशीकडं बघून बोलले, आणि मागच्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्यानं बोलले. चष्मेवाल्या काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून पुसलं आणि पुसतच राहिले.

लेक रडत होती. मावशी नाही. तिला वाटत होतं की आता छाती हलकी होईल, पण तसं काही झालं नाही. हे ज्यानं ऐकायला हवं होतं तो माणूस गोदामातली पोती उचलून उचलून निघून गेला होता. त्याच्या वाट्याची पाठ ताठ करून ती उभी राहिली, एवढंच तिच्या हातात होतं.

"मावशी," शेठ चाचरत म्हणाले, "बक्षीस म्हणून, निदान भरपाई म्हणून... ही जोडीच तुम्ही घ्या. खरंच घ्या. मी मनापासून देतोय."

"ती तुमची आहे. कपाटात ठेवा," मावशी म्हणाली. "दोन्ही शेजारी शेजारी. कुणी विचारलं तर आत्ता सांगितलंत तसंच सांगायचं. मी रोज येतेच आहे झाडायला, गल्लीत काय बोलतात ते कानावर येईलच."

शेठनी मान हलवली आणि फुलं उचलायला हात पुढं केला.

"थांबा."

मावशीनं कमरेची बारीक केसांची कुंचली काढली. डावं फूल बोटांच्या चिमटीत धरलं, त्याच्या पाकळीपाकळीतला गाळ हलक्या हातानं झटकला, काउंटरवरच्या चुऱ्यावर कुंचली फिरवली आणि शेवटच्या कणापर्यंत सगळं घमेल्यात ओढून घेतलं. मग स्वच्छ फूल काचेवर ठेवून, घमेलं कमरेवर घेऊन ती दाराकडं वळली, आणि अर्ध्या गल्लीनं बाजूला सरकून तिला वाट करून दिली.